फ्रेजच्या वह्या

फाल्गुन लागला की आमच्या गल्लीत दोनच गोष्टींना ऊत येतो, धुळीला आणि इंग्रजी व्याकरणाला. सोलापूरची धूळ मला परवडते. ती झाडता येते, पदराने पुसता येते, अंगणात दोन घागरी शिंपडल्या तर तासभर गप्पही बसते. व्याकरणाचं तसं नाही. सकाळचा गिरणीचा भोंगा होतो, पलीकडच्या विणकरांच्या घरांतून मागांची खटखट सुरू होते आणि तिच्या तालावर समोरच्या माडीवरून मॅट्रिकची पोरं ओरडायला लागतात, ‘अ फ्रेज इज अ ग्रूप ऑफ वर्ड्‌स.’ पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. त्या वेळी मी चुलीपुढे भाकरी थापत असते. माझा हात थांबत नाही, तेवढं वळण मी त्याला लावलं आहे. पण तोंड कडू होतं, हे खोटं कशाला सांगू?

लोकांना या दिवसांत आंब्याचा मोहोर आठवतो, रंगपंचमी आठवते. मला लाल शाईच्या वड्या आठवतात. बोटाच्या पेराएवढी वडी कोमट पाण्यात टाकली की आधी गुलाबी धागे सुटायचे आणि बघता बघता सगळी दौत लाल व्हायची. तिला एक तुरट, लोखंडी वास होता. सकाळीच वारा तापून यायचा, रस्त्याने खेड्यांतल्या कडब्याच्या गाड्या करकरत जायच्या, लिंबाची पिवळी पानं खिडकीतून आत येऊन उघड्या वहीवर पडायची. ती फुंकरीने उडवायची आणि पुढच्या ओळीवर जायचं. सोळाव्या वर्षीचा माझा फाल्गुन असा होता.

दहाबारा वर्षं झाली त्याला. गावात वीज तेव्हा बड्या लोकांच्याच घरी होती. शाळेतल्या काही पोरांनी खादीच्या टोप्या घालायला सुरुवात केली होती आणि हेडमास्तरांना त्या डोळ्यांत खुपायच्या. माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, त्याच हायस्कुलात मॅट्रिकच्या वर्गाला इंग्रजी शिकवायचे. गावात त्यांचा दरारा होता. तात्यांच्या हाताखालून गेलेला पोरगा इंग्रजीत नापास होत नाही, असं लोक म्हणायचे आणि तात्या ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. त्यांना ते फार आवडायचं.

पण तात्यांना दिसेनासं होत चाललं होतं. आधी दिव्याच्या उजेडात अक्षरं पुसट व्हायला लागली, मग दिवसाही. मिरजेकडे जाऊन डोळे दाखवून आले, तर डॉक्टर म्हणाले, नस सुकत चालली आहे, इलाज नाही. ही गोष्ट घरात तिघांनाच माहीत होती, तात्यांना, आईला आणि मला. नोकरीची अडीच वर्षं उरली होती. आंधळा मास्तर कोणती शाळा ठेवून घेणार? वर्गात त्यांचं निभत होतं. सगळं व्याकरण त्यांना मुखोद्गत होतं, फळ्यावर हात सवयीने चालायचा, आणि कोण पोरगा कुठं बसून काय खुसपुसतोय ते त्यांना कानांनी कळायचं. अडत होतं ते फक्त वह्यांपाशी. रोज चाळीस वह्या यायच्या. प्रत्येकीत दहा वाक्यं, आणि प्रत्येक वाक्यातली फ्रेज शोधून तिची जात लिहिलेली.

त्या मी तपासायची. सकाळचा भोंगा झाला की खिडकीशी बसायचं आणि शाळेच्या वेळेपर्यंत चाळीस वह्या लाल करायच्या. अक्षर तात्यांचंच काढायचं. ते मुद्दाम शिकावं लागलं नाही. लहानपणी पाटीवर तात्यांनी काढलेल्या अक्षरांवरून मी हजार वेळा पेन्सिल फिरवली होती. त्यांच्या ‘जी’ची शेपटी डावीकडे वळून जरा वर यायची, ‘टी’वरची आडवी रेघ तिरपी, घाईत मारल्यासारखी. माझीही तशीच. मला दुसरं अक्षर नव्हतंच. आई सुरुवातीला कौतुकाने बघायची. मग एकदा म्हणाली, “वच्छे, बाहेर कुणाला कळू देऊ नकोस हं. ह्यांची नोकरी जाईल.” तात्या शाळेला निघाले की आई राखेने माझी बोटं घासून द्यायची. तरी नखांच्या कडेला लाल राहायचंच.

आता फ्रेजविषयी सांगते. कारण ज्याला ती समजली त्याला इंग्रजी वाक्य समजलं, असं तात्या म्हणायचे, आणि ते खरं होतं. फ्रेज म्हणजे शब्दांचा घोळका. घोळक्यात तीन शब्द असोत की सात, सगळे मिळून काम एकाच शब्दाचं करतात. नामाचं काम केलं तर ती नाउन फ्रेज. नामाविषयी जास्त माहिती दिली तर ॲडजेक्टिव्ह फ्रेज. काम कधी झालं, कुठं झालं, कसं झालं, ते सांगितलं तर ॲडव्हर्ब फ्रेज. आणि त्या घोळक्यात चालतं-फिरतं क्रियापद नसतं. ते आलं की फ्रेज राहिली नाही, क्लॉज झाली. पोरं व्याख्या धडाधड म्हणायची आणि वाक्य समोर आलं की आपटायची, कारण ती फ्रेजचं तोंड बघायची. तात्यांचं एकच सांगणं होतं, “तोंड बघू नका, काम बघा.”

मला ते डोक्यावरच्या घागरीने समजलं होतं. ‘द पॉट ऑन हर हेड वॉज फुल’ आणि ‘शी कॅरीड द पॉट ऑन हर हेड’. दोन्हीकडे ‘ऑन हर हेड’ तेच आहे. पण पहिल्या वाक्यात घागर कोणती ते कळतं, डोक्यावरची. म्हणून ती ॲडजेक्टिव्ह. दुसऱ्यात घागर कशी नेली ते कळतं, डोक्यावरून. म्हणून ती ॲडव्हर्ब. मराठीत हा फरक कानाला लगेच लागतो. ‘डोक्यावरची’ म्हटलं की आपल्याला व्याकरण विचारावं लागत नाही. इंग्रजी भाषा कपडे तेच ठेवते आणि काम बदलते. चाळीसांतली तीस पोरं रोज इथंच चुकायची आणि मी रोज तीस वेळा समासात तेच लिहायची, तात्यांच्या अक्षरात आणि तात्यांच्या थाटात. काम बघून नाव द्यायचं, हा नियम माणसांना कुणी लावत नाही. पाहुण्यांपुढे मी ‘आमची मुलगी, स्वयंपाक छान करते’ होते आणि वह्यांपुढे मी सर होते. मला त्याचा तेव्हा राग यायचा नाही. उलट गंमत वाटायची, आणि खरं सांगायचं तर थोडा गर्वही.

तात्यांना वापर हवा असायचा. नुसती ओळखलेली फ्रेज त्यांना चालायची नाही, ती घालून स्वतःचं वाक्य करून आणायला लावायचे. पोरांची वाक्यं वाचून माझा जीव जायचा. सगळ्यांचे राजे राजवाड्यात राहायचे. ‘द किंग इन द पॅलेस’, ‘द क्वीन विथ अ क्राउन’. सोलापुरात राजा कुणी पाहिला होता? एकदा कंटाळून मी एका वहीत लिहिलं, तुझ्या गावाविषयी लिही. ती वही बसप्पाची होती. तो होटगीचा, बाप रेल्वेत. घरी कानडी, बाहेर मराठी आणि वहीत इंग्रजी अशी त्याची तीन ठिकाणी ओढाताण. दुसऱ्या दिवशी त्याने वाक्य आणलं, ‘द एंजिन फ्रॉम होटगी ड्रिंक्स वॉटर इन द ईव्हनिंग.’ मी ते तीनदा वाचलं. होटगीचं इंजिन संध्याकाळी पाणी पितं. एका ओळीत दोन फ्रेजा, दोन्ही वेगळ्या जातीच्या, दोन्ही आपापल्या जागी. मी खाली लिहिलं, व्हेरी गुड.

संध्याकाळी बसप्पा वही घेऊन घरी आला. ओट्यावरूनच म्हणाला, “सर, तुमी मला व्हेरी गुड दिलाय की. मी बाला दाखवलो. बा लई खूश झाला.” तात्या हसले, पाठ थोपटली, आणि तो गेल्यावर मला आत बोलावलं. “माझ्या हातून व्हेरी गुड जात नसतं, वच्छे. फार तर गुड. पुन्हा असं करू नकोस, लोकांना संशय येईल.” मी बरं म्हटलं. त्यानंतर बसप्पा वहीत प्रश्न लिहायला लागला. ‘सर, हे ॲडव्हर्ब का?’ मी समासात उत्तर द्यायची, तिथं मावलं नाही तर मागच्या पानावर. ते पोरगं वर्षभर माझ्याकडे शिकलं आणि रोज तात्यांच्या पाया पडलं.

आता माझं सांगते. तात्या जुन्या वळणाचे नव्हते. मला मॅट्रिक करायचं हे त्यांनीच ठरवलं होतं. मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाई आईला म्हणाल्या होत्या, वच्छला मॅट्रिक होऊ द्या, पुण्याला ट्रेनिंगला पाठवू, परत आली की आमच्याकडे नोकरी. तोवर लग्नाचा विषय काढायचा नाही, असं तात्यांनी आईला बजावून ठेवलं होतं. मी घरीच अभ्यास केला. फॉर्म मात्र हायस्कुलामार्फत जायचा, आणि त्याआधी शाळेची चाचणी पास व्हावी लागायची. चाचणीला नापास, तर हेडमास्तर फॉर्मवर सही करत नसत. हेडमास्तरांची ती एक सही म्हणजे पुणं, नोकरी आणि माझ्या हातातले माझे पैसे. ते सगळं त्या सहीच्या पलीकडे होतं आणि मला अगदी स्पष्ट दिसत होतं.

मुलगी पोरांच्या वर्गात बसणार कशी? आणि परक्या मास्तराबरोबर एका खोलीत तरी कशी बसणार? यावर शाळेत बरीच चर्चा झाली म्हणे. शेवटी मला नकाशांच्या खोलीत बसवायचं आणि देखरेखीला तात्यांनीच बसायचं असं ठरलं. मर्यादा राहिली म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. पेपर त्यांच्याच मुलीचा असल्यामुळे तो हेडमास्तर स्वतः तपासणार, एवढीच अट होती. तीही रास्त होती.

पहिला पेपर इंग्रजीचा. ती खोली मला अजून आठवते. गुंडाळलेले नकाशे कोपऱ्यात उभे होते, त्यांच्या मेणकापडाचा वास होता, आणि एक पृथ्वीगोल होता त्याचा अटलांटिक महासागर बोटं लागून लागून पांढरा पडला होता. तात्या खिडकीशी बसले होते, उन्हाकडे तोंड करून. फ्रेजांचा प्रश्न मी आधी घेतला. टाक इतका भरभर चालला की शाई वाळायला वेळ मिळेना. लोकांच्या चुका सुधारून सुधारून मला स्वतःचं बरोबर लिहिण्याची चवच राहिली नव्हती. ती त्या तीन तासांत परत आली. तात्या जागचे एकदाही हलले नाहीत. शेवटी म्हणाले, “झालं?” मी म्हटलं, “झालं.” इतकंच आमचं बोलणं झालं. पण पेपर माझा मीच लिहिला, हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पेपर नव्हता, निरोप होता. हेडमास्तरांनी दोघांना बोलावलं होतं. त्यांच्या टेबलावर माझी उत्तरपत्रिका होती आणि तिच्या शेजारी बसप्पाची वही उघडी करून ठेवलेली. ते पाहताक्षणी मला सगळं उमगलं. पेपर तात्यांनीच मला लिहून दिला, असा त्यांना संशय होता. तात्यांना अर्थातच काही दिसलं नाही. ते दाराजवळच्या खुर्चीवर बसले, काठी गुडघ्यांमध्ये धरून.

हेडमास्तर वाईट माणूस नव्हता. आवाज न चढवता ते म्हणाले, “मास्तर, ही तुमची तपासलेली वही. आणि हा तुमच्या मुलीचा पेपर. अक्षर एकच आहे.”

“मुलगी आहे माझी, साहेब. अक्षर माझ्याकडूनच उचललंय तिनं.”

“उचलेल, पण इतकं? शेपट्यांसकट?” त्यांनी कागद खाली ठेवला. “दुसरीही एक गोष्ट मला कळत नाही. मस्टरवर तुमची सही हल्ली ओळ सोडून जाते. आणि वह्यांत मात्र अक्षर मोत्यासारखं. याचं मला बरेच दिवस कोडं आहे. पण असो.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाळ, मला वाद नको. इथं बस. मी एक वाक्य सांगतो, ते लिही आणि त्यातल्या फ्रेजा सांग. अक्षर हेच निघालं तर मी आत्ता तुझ्या फॉर्मवर सही करतो.”

त्यांनी खोलीत इकडेतिकडे बघितलं आणि समोर दिसलं तेच वाक्य सांगितलं. ‘द ओल्ड मॅन विथ अ स्टिक सॅट बाय द डोअर.’

मी टाक उचलला. माझं अक्षर हेच निघालं, तर पेपर माझा ठरणार होता. आणि पेपर माझा ठरला, की हेडमास्तरांचं कोडं तिथल्या तिथं सुटणार होतं. मस्टरवरची सही ओळ का सोडते आणि वह्यांतलं अक्षर कुणाचं, हे विचारायला फार शहाणपण लागत नाही. मुलीसाठी पेपर लिहिणारा बाप शाळा पोटात घालेल. न दिसणारा मास्तर शाळा ठेवणार नाही. हे मला तेव्हा इतकं नीट मांडता आलं नसतं, पण कळलं होतं. मी तात्यांकडे पाहिलं. त्यांनी माझ्या दिशेने तोंड वळवलं होतं. एक शब्द बोलले असते, ‘लिही’ किंवा ‘लिहू नकोस’, तरी मी आज हे लिहायला बसले नसते.

मी चौथीतल्या पोरीसारखं लिहिलं. सुटी सुटी अक्षरं, ओळ वरखाली, मध्ये एक डाग. अक्षर बिघडवणं सोपं होतं. उत्तर चुकवणं जड गेलं. ‘विथ अ स्टिक’ म्हातारा कोणता ते सांगते, ‘बाय द डोअर’ तो कुठं बसला ते सांगते, हे झोपेत विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. मी पहिलीला ॲडव्हर्ब लिहिलं आणि दुसरीला ॲडजेक्टिव्ह. रोज तीस पोरांची जी चूक लाल करायची, तीच माझ्या हाताने काळ्या शाईत लिहिली आणि कागद पुढे सरकवला.

हेडमास्तरांनी कागद पाहिला, सुस्कारा सोडला आणि तात्यांच्या हातात दिला. “बघा, मास्तर.” तात्यांनी तो नाकापर्यंत नेला. म्हणाले, “हं.”

“बापाचं काळीज आहे. मी समजू शकतो. ही गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही. मात्र फॉर्म जाणार नाही.”

“ठीक आहे, साहेब,” तात्या म्हणाले.

बाहेर ऊन रणरणत होतं. उन्हात तात्यांना अजिबात दिसायचं नाही म्हणून ते माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायचे, आणि बघणाऱ्यांना वाटायचं, केवढी माया. अर्ध्या वाटेपर्यंत मी वाट पाहिली. काहीतरी बोलतील. चुकलं म्हणतील, नाहीतर बरं केलंस म्हणतील, नाहीतर नुसतं नाव घेतील. विहिरीजवळच्या वळणावर ते बोलले. “आज वह्या किती आल्यात?” मी म्हटलं, “चाळीस.” घरी गेल्यावर मी त्या तपासल्या.

बाकीचे पेपर झालेच नाहीत. वैशाखात माझं लग्न झालं. पुण्याहून एक स्थळ आलं होतं, मुलीला पुढे शिकवू म्हणणारं. तात्यांनी ते नको म्हटलं, मुलगी गावातच द्यायची म्हणाले. लोकांना वाटलं, एकुलती एक, डोळ्यांआड नको असेल. मला कारण लग्नानंतर पंधरा दिवसांनी कळलं. आई पिशवी घेऊन आली, वर कोथिंबिरीची जुडी होती, आणि जुडीखाली वह्या. पुढे तात्यांची नोकरी संपेपर्यंत कधी मेथी, कधी वांगी, कधी शेंगाच्या चटणीचा डबा, आणि त्याखाली नाउन फ्रेज, ॲडजेक्टिव्ह फ्रेज, ॲडव्हर्ब फ्रेज माझ्या सासरी येत राहिल्या. मालधक्क्यावर कारकुनी करणाऱ्या माझ्या नवऱ्याला हे पहिल्याच महिन्यात कळलं. तो भला माणूस. म्हणाला, चालू दे, पण माझ्या आईला कळू देऊ नकोस. म्हणजे इथंही तेच.

बसप्पा त्या वर्षी पास झाला. तात्यांना पेढे देऊन गेला आणि आईने त्यातले दोन माझ्यासाठी पाठवले. तात्या मानाने निवृत्त झाले. निरोपाच्या सभेत हेडमास्तरांनी त्यांच्या वह्या तपासण्याचं इतकं कौतुक केलं की बायकांच्या बाजूला बसलेल्या आईने पदर डोळ्यांना लावला. मी तिच्या शेजारी होते. माझे डोळे कोरडे होते. डोळे गेल्याचं तात्यांनी त्यानंतर महिनाभराने जाहीर केलं, निवृत्त झाल्यावर एकाएकी गेले म्हणून.

आई गेली तेव्हापासून तात्या आमच्याकडे असतात. मुलगा नाही, मग जाणार कुठं? ओसरीवर खुर्ची टाकून बसतात आणि फाल्गुन आला की पोरं त्यांच्याकडे येतात. अजून तितकंच चांगलं शिकवतात, हे मी नाकारणार नाही. तोंड बघू नका, काम बघा, हे आतून ऐकताना मलाही क्षणभर बरं वाटतं. मग शेवटी ते माझी गोष्ट सांगतात. दर वर्षी सांगतात. “आमची वच्छी तुमच्या सगळ्यांपेक्षा हुशार होती. फ्रेजा तिला तोंडपाठ. पण हेडमास्तरांनी समोर बसवून लिहायला सांगितलं आणि पोरगी घाबरली. येत होतं ते विसरली. म्हणून सांगतो, परीक्षेत घाबरू नका.”

मी इतकी वर्षं ते ऐकून घेतलं, कारण मला वाटायचं, त्यांना खरंच तसं वाटतं. कागदावर मी काय लिहिलं ते त्यांना दिसलंच नव्हतं. पोरगी गोंधळली, एवढंच त्यांना कळलं असणार. त्यांना मी जी काही माफी दिली होती ती सगळी या एका समजुतीवर उभी होती. माणूस आंधळा होता, दुसरं काही नाही.

परवा पोरं गेल्यावर मी बाहेर गेले आणि त्यांच्यासमोर बसले. का कोण जाणे, यंदा सहन झालं नाही.

“तात्या, मी घाबरले नव्हते.”

ते काठीच्या मुठीवर बोट फिरवत राहिले.

“मी मुद्दाम अक्षर बिघडवलं. उत्तरही मुद्दाम चुकवलं.”

“ठाऊक आहे मला,” तात्या म्हणाले. “तुझा टाक कसा चालतो ते मी रोज सकाळी ऐकत होतो की. त्या दिवशी अडखळत चालला. पहिल्या शब्दालाच कळलं मला.”

मी विचारलं, “मग पोरांना असं का सांगता?”

“काहीतरी सांगावं लागतं की त्यांना,” ते शांतपणे म्हणाले. “खरं सांगितलं तर माझ्याकडं शिकायला कोण येईल?”

दुसऱ्या दिवशी पोरं आली. ॲडजेक्टिव्ह फ्रेज झाली, ॲडव्हर्ब फ्रेज झाली, आणि तात्यांनी माझी गोष्ट काढली. मी हातातलं काम टाकून दाराशी जाऊन उभी राहिले. माझ्या बांगड्या वाजल्या. तात्या थांबले. त्यांनी माझ्या दिशेने तोंड वळवलं, तसंच, त्या दिवसासारखं. मला वाटलं, आता सांगतील. मग पुन्हा पोरांकडे वळून ते म्हणाले, “तर पोरगी घाबरली.”

पुढे बसलेल्या एका पोराला माझी दया आली असावी. समजूत घालावी तसा तो मला म्हणाला, “जाऊ द्या की अक्का, हुतं असं कुनाचंबी.”

मी त्याला हो म्हटलं.